सांधे ऐका

मागच्या अंकात ओघात लिहून गेले होते की, पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम दहा गाण्यांचा नाहीच, त्रेचाळीस मिनिटांच्या एकाच गाण्याचा आहे. तेवढ्या एका वाक्यावर बरंच टपाल आलं. कुणी अल्बम शोधून ऐकला, कुणी ऐकून वैतागलं, एका गृहस्थांनी मला कान तपासून घ्यायला सांगितलं. (कान शाबूत आहेत. गुडघ्यांबद्दल विचारलं असतं तर गोष्ट वेगळी.) तेव्हा या वेळचं सदर त्या एकाच अल्बमचं.

प्रश्न : ताई, तुमचा शब्द प्रमाण मानून अल्बम ऐकला. मुलाने चांगले हेडफोन दिले, खोलीतला दिवाही मालवला. 'कन्सेप्ट अल्बम', म्हणजे एकाच कल्पनेभोवती बांधलेली गाणी, म्हटल्यावर मी गोष्ट शोधत राहिलो. हाती काय लागलं? घड्याळं वाजतात, काहीतरी कोसळतं, एक बाई आक्रोश करते, मध्येच कुणी खदाखदा हसतं. नायक नाही, प्रसंग नाही. पुन्हा ऐकला, तरी ती संकल्पना कुठे दडली आहे ते कळलं नाही. वाजवलं छान आहे, एवढं मान्य.

उत्तर : नायक सापडला नाही, कारण गोष्टच नाही. गोष्ट हवी असेल तर द हू या बँडचा 'टॉमी' (१९६९) ऐका. तिथे आंधळा, मुका, बहिरा मुलगा आहे, त्याचं बालपण आहे, पुढे त्याचे भक्तही आहेत. 'डार्क साइड' त्या जातीचा नाही.

१९७१च्या अखेरीस बँडमधले चौघे ड्रमर निक मेसन यांच्या लंडनमधल्या घरी जमले होते. बाकीचे तिघे म्हणजे बास गिटार वाजवणारे रॉजर वॉटर्स, गिटारवाले डेव्हिड गिल्मोर आणि कीबोर्डवाले रिचर्ड राइट. दौरा तोंडावर होता आणि वाजवायला नवं काही हवं होतं. वॉटर्स यांनी सुचवलं की, माणसाला आतून पोखरणाऱ्या गोष्टींवर सलग काहीतरी बांधू. निसटणारा वेळ, पैसा, सततचा प्रवास, हाणामारी, मरणाची भीती आणि आपलं डोकं ठिकाणावर राहील ना याची भीती. म्हणजे मुळात ही एक यादी आहे. यादीची गोष्ट होत नाही, पण तिचा क्रम लावता येतो, आणि सगळी करामत त्या क्रमात आहे. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला छातीचे ठोके, मोकळा श्वास, धावपळ, उडून गेलेली वर्षं आणि मृत्यू. वीसेक मिनिटांत माणूस संपला. रेकॉर्ड उलटायची, की दुसऱ्या बाजूला जगाचा व्यवहार सुरू होतो: पैसा, आपले आणि परके, आणि सरतेशेवटी वेड.

पण एवढंच असतं तर निबंध लिहून भागलं असतं. हा विचार आवाजात कसा उतरवला आहे, ते ऐकायचं.

माझं निम्मं आयुष्य ध्वनिमुद्रणाच्या खोलीत टेप कापण्यात गेलं. हातात ब्लेड, कानामागे मेणाची पेन्सिल, टेबलाच्या कडेला चिकटपट्टीचे तुकडे. त्या कामाने एक खोड लावली: मला गाण्याआधी दोन गाण्यांमधला सांधा ऐकू येतो. या अल्बमचे सांधे ऐकून मी थक्क होते, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

पहिला सांधा. सुरुवातीचं 'स्पीक टू मी' हे गाणं नाहीच. ठोके ऐकू येतात (हृदयाचे नव्हेत, मेसन यांच्या बास ड्रमचे), मग घड्याळाची टिकटिक, गल्ल्याची घंटा, वेडसर हसू. पुढे जे येणार आहे त्यातले आवाज मिनिटभरात कानावरून जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एक किंकाळी चढत जाते, आता फुटणार असं वाटतं, आणि नेमक्या त्या टोकावर 'ब्रीद'ची गिटार अलगद पसरते. या वेळी पत्ता लागला नाही तरी चालेल. पुढच्या खेपेला अल्बम लावाल तेव्हा या मिनिटभरातला प्रत्येक आवाज तुम्ही ओळखाल, आणि अल्बम बदलला असं वाटेल. बदललेले असाल तुम्ही.

दुसरा सांधा 'ऑन द रन'च्या शेवटी. त्यात सिंथेसायझरवर सुरांची एक छोटी माळ भरून ती भरधाव सोडली आहे, मागे विमानतळावरची घोषणा, धावती पावलं, आणि मग स्फोट. माझ्या मते अल्बममधला हाच भाग सर्वांत लवकर म्हातारा झाला. १९७३ साली त्याने लोकांच्या अंगावर काटा आणला असेल, आज तो भाग मला लांबतो. पण स्फोटानंतरची शांतता पाहा. आवाज विरतो, पावलं दूर जातात, टिकटिक सुरू होते आणि अचानक डझनभर घड्याळं एकदम कोकलू लागतात. ही घड्याळं ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, आणि तीही या गाण्यासाठी नव्हे. चार स्पीकरांमधून ऐकवण्याच्या नव्या पद्धतीचं प्रात्यक्षिक दाखवायला त्यांना आवाज हवे होते. अल्बमला ती आयतीच मिळाली.

तिसरा सांधा माझा लाडका. 'टाइम' संपतं आणि न थांबता 'ब्रीद'ची चाल परत येते. धावून दमलेला माणूस घरी येऊन शेकोटीपाशी टेकतो, असे तिथले शब्द आहेत. पहिल्या वेळी ती चाल ई मायनर या स्वरमेळावर (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छावर) विसावते. या वेळी कान तीच अपेक्षा धरून बसतो, पण ती उतरते बी मायनरवर, आणि त्याच स्वरमेळातून राइट यांचा पियानो 'द ग्रेट गिग इन द स्काय' सुरू करतो. म्हणजे घरी पोचलो म्हणता म्हणता आपण मृत्यूच्या दारात उभे. स्वरमेळांसंबंधी काही ठाऊक नसलं तरी पायाखालची फरशी जरा सरकल्यासारखी वाटते. संकल्पना कुठे दडली आहे असं विचारलंत ना? इथे.

हे सांधे असे सफाईदार झाले, त्याला कारण आहे. बहुतेक अल्बम आधी स्टुडिओत होतात, मग मंचावर जातात. हा उलटा गेला. जानेवारी १९७२मध्ये ब्रायटनला त्यांनी तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजवायला घेतला. यंत्रणेने दगा दिला आणि 'मनी'पाशी थांबावं लागलं. पुढच्या महिन्यात लंडनच्या रेनबो थिएटरात प्रयोग झाले. अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं ते जूनमध्ये, आणि संपलं १९७३च्या जानेवारीत. मधल्या काळात दौरे चालूच होते. कुठे प्रेक्षक कंटाळतो, कुठे श्वास रोखतो, हे त्यांना टेप फिरण्याआधीच कळलं होतं.

आता ते हसणारे आणि बोलणारे लोक. वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत जे कुणी वावरत होते त्यांना एकेक करून मायक्रोफोनपुढे बसवलं. सामान वाहणारे, तंत्रज्ञ, शेजारच्या दालनातले वादक. सुरुवातीला आवडता रंग, आवडता पदार्थ असले निरुपद्रवी प्रश्न, मग हळूच: तुम्ही शेवटचं कुणाला मारलंत? तुमचं बरोबर होतं का? मरणाची भीती वाटते का? बीटल्सचे गायक पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनाही बसवलं होतं, पण त्यांची उत्तरं वापरली नाहीत, फार विनोदी होण्याचा प्रयत्न होता म्हणे. टिकला कोण, तर स्टुडिओचा आयरिश द्वारपाल. अगदी शेवटी, ठोके विरत असताना, चंद्राला काळी बाजू वगैरे काही नसते, तो सगळाच काळा आहे, असं सांगणारा आवाज त्याचा. मोठ्या गायकाचं कौशल्य बाजूला ठेवून द्वारपालाच्या साध्या बोलण्यावर अल्बम संपवायचा, याला हिंमत लागते.

तुम्हाला एक काम सांगते. आजच्या दिवस पूर्ण अल्बम ऐकू नका. प्रत्येक गाण्याची शेवटची अर्धी मिनिटं आणि पुढच्याची पहिली अर्धी, एवढंच ओळीने ऐका. मग दोन दिवस जाऊ द्या आणि सबंध ऐका.

प्रश्न : मी तबला शिकतो. 'मनी'मध्ये सात मात्रा मोजता येतात, म्हणून रूपक ताल धरून ठेका लावून पाहिला. सुरुवातीला जमतंय असं वाटलं, पण गिटार सुरू झाली की मी हमखास चुकतो. चूक माझी की त्यांची?

उत्तर : कुणाचीच नाही. तिथे ते सात सोडून चारावर जातात. गाण्याचे शब्द आणि डिक पॅरी यांचं सॅक्सोफोन सातात आहे, गिल्मोर यांची गिटार सुरू झाली की चार-चार, आणि ती संपल्यावर पुन्हा सात. तुम्ही चुकत नाही, तुमचा हिशोब चोख असल्यानेच खटकतं आहे.

रूपक मात्र सोडा. रूपकाची तीन-दोन-दोन अशी विभागणी आणि समेलाच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, खाली (बिनजोराची मात्रा), हा डौल या गाण्यात नाही. इथे पहिल्या मात्रेवर बासचा दणका आहे. सोपी युक्ती सांगते: सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचे जे आवाज फिरत राहतात, तेच तुमचा लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी धून) समजा. ते सात आहेत, मात्रेला एक. जो आवाज बासच्या पहिल्या सुराबरोबर येतो ती तुमची एक.

ते सात आवाज कसे जमवले, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. वॉटर्स यांनी घरी, त्यांची पत्नी मातीकामासाठी वापरत असे त्या मोठ्या भांड्यात नाणी फेकून आवाज टिपले. फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र, असे आणखी गोळा केले. मग प्रत्येक आवाजाची टेप फूटपट्टीने मोजून सारख्या लांबीची कापली आणि सात तुकडे चिकटवून त्यांचं कडं केलं. स्टुडिओतली टेप सहसा सेकंदाला १५ इंच धावायची. या गाण्याची मात्रा जवळपास अर्ध्या सेकंदाची, म्हणजे एकेक तुकडा साडेसात इंचांच्या आसपास आणि सगळं कडं चार फुटांहून मोठं. एवढं कडं यंत्रावर मावत नाही, ते बाहेर काढून मायक्रोफोनच्या स्टँडला अडकवून ताणून धरावं लागतं. एक तुकडा पाव इंच चुकला तरी ताल लंगडतो. आज हे काम संगणकावर शाळेतलं पोर करेल. करू द्या, पण त्याचे सातही ठोके काटेकोर सारखे येतील. या कड्यात किंचित झोल आहे, आणि बास त्या झोलावर बसली आहे.

गिटारच्या तीन फेऱ्यांपैकी मधली नीट ऐका. आजूबाजूचा सगळा घुमारा काढून टाकला आहे, वादक एकदम कानाशी येऊन बसल्यासारखे वाटतात. तिसऱ्या फेरीत छप्पर परत उघडतं. हे गाणं एकटं अमेरिकेत १३व्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. एकटं ऐकलं तर मला ते जरा उर्मट वाटतं. 'ग्रेट गिग'मधल्या मृत्यूनंतर लगेच ऐकलं, की तोच उर्मटपणा कामाचा ठरतो.

प्रश्न : इंग्रजी वाचता येतं, पण गाण्यात कानाला पकडता येत नाही. शब्द समोर ठेवून ऐकावं का? आणि शब्द कळले नाहीत तर किती बिघडतं?

उत्तर : पहिल्यांदा शब्दांशिवाय ऐका. मग गाणं बंद करून, पत्र वाचावं तसे शब्द एकदा वाचा. पुढे कागद ठेवून द्या. वाचता वाचता ऐकलं की डोळे पुढच्या ओळीवर जातात आणि कान मागे राहतो.

शब्द सगळे वॉटर्स यांचे, आणि मुद्दाम साधे. 'टाइम' काय सांगतं? तरुणपणी दिवस कसा काढायचा असा प्रश्न असतो, आणि एक दिवस लक्षात येतं की दहा वर्षं मागे पडली, शर्यत कधी सुरू झाली हे कुणी कळवलंच नाही. हे लिहिताना त्यांनी तिशी गाठली नव्हती. मला हे गाणं विशीत नुसतं ऐकायला बरं वाटायचं. पन्नाशीनंतर मी ते स्वयंपाक करताना लावणं बंद केलं.

'अस अँड देम' हे माझ्या मते अल्बमचं शिखर. त्याची चाल राइट यांनी मुळात अंतोनियोनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या चित्रपटासाठी बांधली होती, हाणामारीच्या दृश्यांवर. चित्रपटात ती घेतली गेली नाही. दंगलीच्या चित्रावर संथ, जवळपास प्रार्थनेसारखा पियानो ठेवायचा, ही कल्पना तेव्हा फुकट गेली. वॉटर्स यांनी पुढे तिच्यावर युद्धाचे शब्द बसवले: सेनापती मागे बसून नकाशावरच्या रेघा सरकवतो, पुढची रांग मरते. वॉटर्स यांचे वडील १९४४ साली इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले, मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. गाण्यात वडिलांचा उल्लेख नाही. तिथे प्रत्येक छोट्या शब्दानंतर प्रतिध्वनी सोडला आहे, एक शब्द उच्चारायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचं. इंग्रजी येत नसलेल्यालाही ते थांबणं कळतं.

आणि शब्द अजिबात कळले नाहीत, तरी गातंय कोण एवढं ऐका. बहुतेक गाणी गिल्मोर यांच्या मऊ आवाजात, 'टाइम'च्या मधल्या ओळी राइट यांच्या हळव्या आवाजात. ज्याने सगळे शब्द लिहिले तो माणूस तोवर गप्प आहे. शेवटच्या दोन गाण्यांत, 'ब्रेन डॅमेज' आणि 'इक्लिप्स'मध्ये, वॉटर्स स्वतः मायक्रोफोनपुढे येतात. आवाज तसा रुक्षच. पण 'ब्रेन डॅमेज' त्यांच्या जुन्या मित्राच्या सावलीत लिहिलेलं आहे. बँड ज्याने उभा केला त्या सिड बॅरेट यांची मानसिक अवस्था ढासळत गेली आणि १९६८मध्ये त्यांना बँड सोडावा लागला. ते गाणं दुसऱ्याच्या गोड गळ्यातून आलं असतं तर मला पटलं नसतं.

प्रश्न : शब्दांशिवाय गाणारी ती बाई कोण? माझ्याकडच्या जुन्या रेकॉर्डवर गाण्याखाली फक्त राइट यांचं नाव आहे, नव्या सीडीवर तिचंही. असं कसं?

उत्तर : क्लेअर टॉरी, आणि गाणं 'द ग्रेट गिग इन द स्काय'. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या आणि मानधन घेऊन स्टुडिओत गाणाऱ्या व्यावसायिक गायिका म्हणून काम करत. पियानोचा हा तुकडा आधी मंचावर धार्मिक वाचनाच्या ध्वनिफितींसह वाजवला जाई. ते काढून टाकून तिथे कुणीतरी गावं असं ठरलं तेव्हा पार्सन्स यांनी त्यांचं नाव सुचवलं. जानेवारी १९७३मधला रविवार होता. शब्द नाहीत, चाल नाही, मृत्यूचा विचार मनात ठेवून गा, एवढीच सूचना. त्यांनी आधी नेहमीचं 'ओ बेबी' छापाचं काहीतरी गाऊन पाहिलं, ते नको म्हणून सांगितलं गेलं. मग आपण गायिका नसून वाद्य आहोत असं समजून त्या गायल्या. मानधन मिळालं ३० पौंड, रविवार म्हणून दुप्पट दराने. हे ध्वनिमुद्रण वापरलं जाणार नाही अशी समजूत करून घेऊन त्या घरी गेल्या, आणि पुढे रेकॉर्डच्या दुकानात अल्बमवर स्वतःचं नाव वाचलं तेव्हा त्यांना कळलं.

गायिका म्हणून नाव होतं, रचनाकार म्हणून नव्हतं. २००४ साली त्यांनी दावा लावला. म्हणणं साधं होतं: पियानोचे स्वरमेळ राइट यांचे, पण त्यावरची चाल मी जागच्या जागी रचली. २००५मध्ये तडजोड झाली, अटी जाहीर झाल्या नाहीत, पण त्यानंतर निघालेल्या आवृत्त्यांवर रचनेत दोघांची नावं आहेत. तुमच्या दोन प्रतींमधला फरक तो. माझं मत विचाराल तर नाव लागायला हवंच होतं. त्यांचा गळा काढून उरलेला पियानो ऐका. सुंदर आहे, पण वाट पाहत उभा असल्यासारखा.

आक्रोशाने घाबरून पुष्कळ जण हे गाणं अर्ध्यात सोडतात. त्यांचं फार मोठं नुकसान होतं, कारण खरी गोष्ट उत्तरार्धात आहे. ओरडून झाल्यावर आवाज खाली येतो, समजूत पटल्यासारखा. मरण नाकारण्यापासून ते पत्करण्यापर्यंतचा सगळा प्रवास साडेचार-पाच मिनिटांत, एकाही शब्दाशिवाय.

प्रश्न : 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा जुना चित्रपट लावून त्यावर हा अल्बम वाजवला तर दोन्ही तंतोतंत जुळतात, असं पुतण्या सांगतो. खरं आहे?

उत्तर : करून पाहा, मजा येते. पण बँडने ठरवून केलेलं असं काही नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. चित्रपट १९३९चा आणि शंभर मिनिटांहून मोठा. अल्बम त्रेचाळीस मिनिटांचा, म्हणजे तो दोनदा-तीनदा लावावा लागतो. जुळलेल्या जागा आपण टाळ्या देऊन लक्षात ठेवतो, न जुळलेल्या विसरतो.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवते. मुखपृष्ठावरच्या लोलकातून सहाच रंग बाहेर पडतात! पारवा कुठे गेला? आणि त्यावर बँडचं नाव का नाही?

उत्तर : पारवा चित्रकाराने गाळला, तुमची तक्रार रास्त आहे. पृष्ठ हिप्नोसिस या लंडनच्या संस्थेचं, रेखाटन जॉर्ज हार्डी यांचं. राइट यांना फोटोबिटो नको होते, काहीतरी सुटसुटीत हवं होतं, म्हणून हा लोलक आला. नाव न घालायची त्या मंडळींची खोडच होती. तुम्हाला आवडेल ते पुढे आहे: पृष्ठ उघडलं की आतून रंगांचे पट्टे तसेच वाहत जातात, त्यातला हिरवा हृदयाच्या आलेखासारखा उसळतो. मागच्या पानावर उलटा लोलक आहे, तो ते रंग पुन्हा एकत्र करतो. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर प्रकाश एकातून दुसरीत जातो. सुरुवातीचे आणि शेवटचे ठोकेही असेच जुळतात.

प्रश्न : रेकॉर्ड प्लेअर नाही. मोबाइलवर ऐकलं तर चालेल?

उत्तर : चालेल. फक्त गाणी उलटसुलट लावणारं ते 'शफल'चं बटण बंद करा आणि दोन गाण्यांमध्ये विराम पडत नाही ना ते पाहा. काही उपकरणांत क्षणभराची फट पडते आणि सगळे सांधे उसवतात. जाहिरात मध्ये येणार असेल तर मात्र ऐकू नका, त्यापेक्षा कुणाकडून सीडी मागून आणा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर बास ड्रमचे ठोके ऐकूच येत नाहीत, तेव्हा हेडफोन हवेत. एक फरक सांगून ठेवते: रेकॉर्डवर 'ग्रेट गिग'नंतर उठून बाजू उलटावी लागे. ती सक्तीची उसंत होती. मोबाइलवर नाणी लगेच खणखणतात. मी तिथे हाताने थांबवते आणि पाणी पिऊन येते.

प्रश्न : अल्बम आवडला, चाळीस वर्षं उशिरा का होईना. आता पुढे काय ऐकू?

उत्तर : त्याच बँडचा 'विश यू वेअर हिअर' (१९७५) सरळ पुढचा. त्यात बॅरेट यांच्या आठवणीवरची एक नऊ भागांची रचना आहे, ती मधोमध कापून अर्धी सुरुवातीला आणि अर्धी शेवटी ठेवली आहे. घाई असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, पहिला शब्द यायलाच आठ मिनिटांहून जास्त लागतात.

हसायचं असेल तर जेथ्रो टल या बँडचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२). त्यांच्या आधीच्या अल्बमला समीक्षकांनी कन्सेप्ट अल्बम ठरवलं. बँडचे म्होरके इअन अँडरसन यांना ते मान्य नव्हतं. तेव्हा त्यांनी असल्या अल्बमची टिंगल म्हणून एक अख्खा अल्बम केला: रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, शब्द म्हणे एका शाळकरी मुलाच्या कवितेचे (मुलगा अर्थातच काल्पनिक), आणि वेष्टन म्हणून गावगप्पांनी भरलेलं बारा पानी वर्तमानपत्र. गंमत अशी की, ही टिंगल ज्यांची टिंगल केली त्यांतल्या निम्म्याहून सरस आहे.

आणि पहिल्या पत्रलेखकांप्रमाणे तुम्हालाही गोष्टच हवी असेल, तर पिंक फ्लॉइडचाच 'द वॉल' (१९७९). दोन रेकॉर्डी आहेत, नायक आहे, त्याची आई, शाळा, बायको, सगळं आहे. मला त्यातला तिसरा भाग रेंगाळलेला वाटतो. पण अगदी शेवटी कुणीतरी पुटपुटत अर्धं वाक्य बोलतं, आणि त्याचा उरलेला अर्धा तुकडा पहिल्या रेकॉर्डच्या तोंडाशीच आहे. इतक्या हळू की आवाज वाढवावा लागतो. वाढवा, पण हात बटणावरच ठेवा. पुढच्या काही क्षणांत गिटारी अंगावर येतात.